नववी-दहावीचं वाचन अन् रसग्रहण: आमच्या शाळेतल्या प्रकल्प नोंदी

30 जून 2025, सोमवार

शाळा 23 तारखेला उघडली, विदर्भात आपली उशिराच उघडते, उन्हापायी. पहिला आठवडा पुस्तकवाटप, दाखले, गळणारी खोली कोणती न गळणारी कोणती यातच गेला. आजपासून हे लिहायला घेतो आहे कारण डोक्यात ठेवलं की राहत नाही, अन् डिसेंबरात कोणी विचारलं की काय केलं वर्षभर तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

काम असं आहे. नववी अन् दहावीची मराठी माझ्याकडे. शाळा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडच्या पट्ट्यात, अर्धी पोरं गावातली, बाकीची आजूबाजूच्या तांड्यांवरची. पोरं पास होतात, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की उताऱ्यात न शिकवलेलं काही आलं की पेन थांबतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा 4 गुणांचा, रसग्रहण 4 गुणांचं, शिवाय पठित गद्याच्या दोन्ही उताऱ्यांत स्वमताचे तीन-तीन. म्हणजे 80 पैकी बरेच गुण असे आहेत जे पाठ करून येत नाहीत, अन् नेमकं तेच पाठ करायची सवय आम्हीच लावली आहे, आम्ही म्हणजे सगळेच, गाईडवाले, ट्यूशनवाले अन् शाळाही.

गुणांसाठी करतो आहे असं मात्र नाही. गुण वाढले तर हेडसर झेरॉक्सचे पैसे देतील, म्हणून गुणांचं नाव पुढे करायचं.

4 जुलै, शुक्रवार

आधी पाहायचं होतं की अडतं कुठं. एकेकाला बाजूला घेऊन आठ-दहा ओळींचा उतारा मोठ्यानं वाचायला लावला, मग प्रश्न विचारले. नंतर तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा मी स्वतः वाचून दाखवला अन् तसेच प्रश्न विचारले. एवढंच. पण यातून जे निघालं ते वर्षभर पेपर तपासून कळलं नव्हतं.

काही पोरं अशी की स्वतः वाचताना अक्षराअक्षराला ठेचकाळतात, जोडाक्षर आलं की थांबतात, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरून जातात. पण मी वाचून दाखवलं की फाडफाड उत्तरं देतात. यांची समज शाबूत आहे, वेग नाही. दुसरी पोरं उलटी. धडाधड वाचतात, आवाज चढवून उतरवून, 15 ऑगस्टला भाषणाला ज्यांना उभं करतात ती, अन् वाचून झाल्यावर विचारलं की काय म्हणतो हा माणूस, तर उताऱ्यातलंच एक वाक्य उचलून देतात. मी वाचून दाखवलं तरी तेच. गफ अन् टनमर या दोघा संशोधकांनी 1986 मधे मांडलं होतं की वाचनाचं आकलन म्हणजे अक्षर ओळखणं गुणिले भाषा समजणं, बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य. बीएडला असताना हे पाठ केलं होतं, उपयोग आज झाला.

तर दोन गट, दोन वेगळी औषधं. पहिल्या गटाला रोज दहा मिनिटं जोडीनं वाचन, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा, चांगल्या वाचणाऱ्या पोराबरोबर. दुसऱ्या गटाचं खरं काम आहे अन् त्याच गटातले पालक म्हणतात आमचा हुशार आहे.

14 जुलै, सोमवार

पुस्तकातला धडा घेतला की पोरांच्या दप्तरात त्याचं उत्तर आधीच तयार असतं, म्हणून उतारा मीच लिहिला. मुद्दाम छोटा ठेवला:

‘आजी एसटीतून उतरली. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तिनं पिशवी चाचपली. तिचा नंबर आला तशी शेजारच्या बाईला म्हणाली, तू जाय आधी, मले घाई नाही. पुढच्या नंबरालाही तेच. मग उठून बाजूच्या मेडिकलात गेली, कागदाची जुनी चिठ्ठी पुढं केली अन् म्हणाली, अर्धी पट्टी दे बाबू.’

प्रश्न एकच. आजीनं नंबर का सोडला?

पहिली उत्तरं ठरलेली आली. आजी परोपकारी आहे. आजी दयाळू आहे. एकानं तर ‘या उताऱ्यातून आपणास इतरांना मदत करण्याची शिकवण मिळते’ असं लिहून वर अधोरेखितही केलं. उतारा आला की त्यात शिकवण असलीच पाहिजे असं पोरांच्या अंगात भिनलं आहे, ती नसली तर घालून देतात.

मी काही बोललो नाही, फळ्यावर फक्त लिहिलं: कशावरून? दयाळू आहे, ठीक, कशावरून? तर ‘तू जाय आधी म्हणते नं सर’. बरं. मग अर्धी पट्टी काहून मागते? वर्गात शांतता. मग मागून एक जण, जो एरवी हजेरीलाही नीट ‘हजर’ म्हणत नाही, तो म्हणाला, पैसे नाई सर तिच्यापाशी. कशावरून? तर म्हणे पिशवी चाचपली, अन् चिठ्ठी जुनी हाये, म्हंजे डॉक्टरची फी वाचवून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या घेऊन राह्यली ते, अन् त्या बी अर्ध्याच. वर्ग वळून त्याच्याकडं पाहायला लागला.

एका पोरीनं हात वर केला की तिला सुईची भीती वाटत असेल. हसले सगळे. मी म्हटलं हसू नका, तपासा. भीती असती तर आली कशाला, हे एक. अर्ध्या पट्टीचा भीतीशी संबंध लागतो का, हे दुसरं. ती स्वतःच म्हणाली, नाई लागत सर, पण पहिलीच्यापेक्षा बरं हाय माझं उत्तर. खरं आहे, बरं होतं. दयाळूवाल्यांना नंबर सोडण्याचं कारण तरी शोधावं लागलं नव्हतं, तिनं शोधलं.

यातून नियम ठरला, वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. उत्तरं एकापेक्षा जास्त असू शकतात पण उताऱ्यातल्या सगळ्यात जास्त गोष्टी ज्या उत्तरात बसतात ते जास्त चांगलं. आणि एकही गोष्ट उलटी जात असेल तर ते उत्तर पडलं.

बाय द वे पैसे हा शब्द उताऱ्यात कुठंच नाही. हे मी सांगायच्या आधी पोरांनीच शोधलं अन् मग ‘सर तुमी फसवलं’ म्हणून गोंधळ.

18 जुलै

पाऊस. निम्मी पोरं नाहीत. जोडीवाचन फक्त.

28 जुलै, सोमवार

आज कापसाचा उतारा. हाही माझाच.

‘जानेवारी संपला तरी त्यानं पऱ्हाटी उपटली नाही. आणखी चार-पाच क्विंटल निघेल म्हणत पाणी देत राहिला. पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या वावरात डोमकळ्या दिसल्या. त्या दिवसापासून शेजारी त्याच्याशी बोलायचा बंद झाला.’

शेजारी का बोलत नाही? एक मिनिटही लागलं नाही. अडखळत वाचणारा गट सगळ्यात पुढं. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवली, म्हणून गुलाबी बोंडअळीला खायला मिळालं, तिचं चक्र तुटलं नाही, मग पुढच्या साली ती शेजाऱ्याच्या फुलात शिरली, फूल उमललंच नाही, आतून गुंडाळून बसलं, तीच डोमकळी. एकानं कामगंध सापळ्याचंही सांगितलं, मादीच्या वासानं पतंग ओढायचा सापळा, की त्यात फक्त नर पतंग अडकतो. 2017 मधे इकडं बोंडअळीनं जे झालं ते या पोरांच्या घरी अजून बोलण्यात असतं, तेव्हा ती पहिली-दुसरीत असतील. चार वाक्यांच्या मधली जी मोकळी जागा होती ती त्यांनी स्वतःच्या माहितीनं भरली अन् त्यांना ते कळलंही नाही की आपण काही अवघड केलं.

अमेरिकेत 1988 मधे रेक्ट अन् लेस्ली यांनी असंच पाहिलं होतं, बेसबॉलच्या उताऱ्यावर. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा जास्त समजून सांगू शकली. आपल्याकडं बेसबॉलच्या जागी पऱ्हाटी.

मग लगेच दुसरा उतारा दिला, सराव संचातला, मुंबईची लोकल, फास्ट अन् स्लो, माणूस मुद्दाम उलट्या दिशेची गाडी पकडतो अन् तिथून बसून येतो. सपाट. हुशार गटही सपाट. उलट्या दिशेला जायचं काहून, येडा हाय का तो, असं उत्तर. यात कोणाची अक्कल कमी नाही, दादरला सहा वाजता चढायला मिळत नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. पाच मिनिटं फळ्यावर गाडीचं चित्र काढून समजावलं अन् पुन्हा वाचायला दिला, लगेच समजला. तेव्हापासून अपठित देताना आधी विचारतो, यातलं काय माहीत नाही ते सांगा. बोर्डात हे विचारायला कोणी नसणार हे मान्य, म्हणून पेपर वाचायची सवय लावायची, शाळेत येणारा पेपर आता स्टाफरूममधून दुपारी वर्गात जातो. पहिल्यांदा क्रिकेट अन् कापसाचे भाव वाचतात. वाचू दे.

6 ऑगस्ट, बुधवार

रसग्रहण. दहावीच्या वह्या गोळा केल्या. सगळ्यांच्या वहीत एकच आत्मा. ‘प्रस्तुत कवितेतून कवीने अत्यंत सोप्या व प्रभावी शब्दांत मोलाचा संदेश दिला आहे.’ आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, हे तीन मथळे घालून खाली गाईडमधून उतरवलेलं. मथळ्यांचा दोष नाही, मथळे चांगले आहेत. पण पोरांना वाटतं की मथळे भरले की रसग्रहण झालं, अन् तपासणाऱ्याचाही हात त्यावर गुण देऊन मोकळा होतो, मी स्वतः बोर्डाचे गठ्ठे तपासले आहेत, रात्री अकराला सगळे प्रभावी शब्द सारखेच दिसतात.

एक चाळणी काढली. प्रत्येक वाक्य घ्यायचं अन् विचारायचं, हे वाक्य पुस्तकातल्या दुसऱ्या कोणत्याही कवितेला लावलं तर चालेल का? चालत असेल तर खोडा. पोरांनी आपापल्या वहीत खोडायला घेतलं. एकीच्या अख्ख्या पानात एक वाक्य उरलं, ‘तिसऱ्या ओळीत अचानक प्रश्न येतो’. तिला रडू यायला लागलं. मी म्हटलं अगं हेच तर तुझं आहे, बाकी सगळं गाईडचं होतं. आता सांग तिसऱ्याच ओळीत प्रश्न काहून आला, दुसरीत का नाही. त्यावर ती पंधरा मिनिटं लिहीत होती.

एका पालकाचा फोन आला संध्याकाळी, सर तुम्ही पोराला वही खोडायला लावली म्हणे. समजावलं. पटलं नसावं.

21 ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज वर्गात काम दिलं, झडत्या जमवून आणा, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या तुकबंद्या. बैलांच्या तोरणाखाली जे म्हणतात ते सगळं वहीत, कोण म्हणालं तेही. शिवाय स्वतःची एक बनवा. गृहपाठावर आनंदाचा गलका झाला, असं आजवर पाहिलं नव्हतं.

25 ऑगस्ट, सोमवार

जुन्या झडत्या पुष्कळ आल्या, काही वर्गात मोठ्यानं वाचण्याजोग्या नाहीत. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या खेळण्यातल्या बैलांच्या पोळ्याचे, फोटोही आले मोबाईलवर, ते मागितले नव्हते. नवीनपैकी एक फळ्यावर घेतली. दोघा मित्रांनी मिळून केली आहे:

बैल गेला खुट्यावरून, टॅक्टर आला दारी
टॅक्टरच्या हप्त्यापाई बाप बसला घरी
घरी बसून बाप म्हणे, पोळ्याले काय सजवू
मातीचाच बैल आण न बे, त्यालेच पोयी भरवू
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

म्हणून दाखवल्यावर वर्ग खो-खो हसला. मग मी विचारलं ही हसायची आहे का? दोन तट पडले. एक बाजू म्हणे हो, झडती हसायलाच असते. दुसरी बाजू म्हणे बाप घरी बसला हे हसायचं आहे का. मग नेहमीचंच, कशावरून? आता ओळीओळीवर भांडण सुरू झालं. ‘बैल गेला’ म्हणजे मेला की विकला? खुट्यावरून गेला म्हणजे विकला, मेला असता तर तसं म्हटलं नसतं, एक म्हणाला. दारी, घरी हे यमक जुळवायला आहे फक्त, दुसरा म्हणाला. त्यावर ज्या पोरीचं पान 6 तारखेला खोडून जवळजवळ कोरं झालं होतं ती म्हणाली, यमक हाय पण ‘घरी’वर ओळ संपते अन् पुढची ओळ परत ‘घरी बसून’नंच सुरू होते, म्हंजे त्याले दुसरं कुठं जाताच येऊन नाई राह्यलं.

हे मला सुचलं नव्हतं. कवींनाही नव्हतं. ते दोघं खाली मान घालून बसले होते, मग एक जण हळूच म्हणाला, सर आमी तसं मुद्दाम नाई केलं. मग यावर वेगळाच वाद, की मुद्दाम केलं नसेल तर ते कवितेत आहे की नाही. तास संपला. पुढच्या तासाच्या गणिताच्या मॅडम दारात उभ्या होत्या.

यात मी एकच भर घातली, शब्दशक्तीची. व्याकरणात अभिधा, लक्षणा, व्यंजना व्याख्येसकट पाठ आहेत पण त्या कुठं राहतात हे पोरांना माहीत नव्हतं. मातीच्या बैलाला पुरणपोळी भरवायची, सरळ अर्थ पाहिला तर तान्हा पोळा. आत दुसरा अर्थ ऐकू येतो, घरात खरा बैल उरला नाही. ही व्यंजना. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकात काश्मिरात बसून यावरच ग्रंथ लिहिला. पोरं म्हणाली म्हणजे टोमण्यासारखं. बरोबर. टोमणा यांना लहानपणापासून समजतो, चुलतीनं काकूला काय म्हटलं अन् त्याचा रोख कोणावर होता हे सहा वर्षांचं पोट्टंही सांगते. कागदावर आलं की तेच कान बंद होतात.

9 सप्टेंबर, मंगळवार

आज कवीचं नाव काढून दोन कविता दिल्या, एक नामवंतांची, एक आमच्याच माजी विद्यार्थिनीची, तिला विचारून. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधे असं केलं होतं, मुलांना नाव न सांगता कविता वाचायला देऊन त्यांचे अभिप्राय गोळा केले अन् 1929 मधे ते छापले, तिथली मोठ्या घरची पोरंही साधा अर्थ लावताना घसरली होती. आमच्या वर्गात बहुमत माजी विद्यार्थिनीला. नामवंत कवितेला ‘अवघड करून सांगते’ असा शेरा. नावं उघड केल्यावर चार जणांनी मत बदलायला हात वर केला, बाकीच्यांनी त्यांना बसवलं.

तांड्यावरच्या पोरी या चर्चेत कमी बोलतात हे जुलैपासून दिसतं आहे. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा, शाळेत मराठी, म्हणजे त्यांना माझा प्रत्येक प्रश्न दोनदा पार करावा लागतो. आज त्यांना म्हटलं आधी आपसात गोरमाटीत बोला, मग कोणीतरी एक जण मराठीत सांगा. दोन मिनिटं जोरात बोलणं चाललं, मला एक अक्षर कळलं नाही, अन् मग जे मराठीत आलं ते नेहमीपेक्षा तिप्पट. होळीच्या लेंगी गाण्यांवर असंच एक सत्र त्यांनीच घ्यायचं ठरलं, मार्चमधे, बोर्ड आडवं येतं म्हणून नववीपुरतं.

19 सप्टेंबर

गटवाचन सुरू. चौघांचा गट, एक जण पुढं काय येईल ते सांगतो, एक प्रश्न काढतो, एक अडलेला शब्द सोडवतो, एक थोडक्यात सांगतो, दुसऱ्या परिच्छेदाला कामं बदलायची. पालिंक्सार अन् ब्राउन यांची 1984 ची पद्धत. चालते, पण आवाज फार होतो अन् प्रश्न काढणारा पोरगा आधी ‘लेखकाचे नाव काय’ असले प्रश्न काढतो. ज्याचं उत्तर बोट ठेवून दाखवता येतं तो प्रश्न बाद, असं केल्यावर जरा सुधारलं. गाडगेबाबांच्या कीर्तनाचं उदाहरण दिलं. शेंडगावचा माणूस, अमरावती जिल्ह्यातलाच आपला, वऱ्हाडीत बोलायचे अन् सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त, समोरच्या गर्दीकडूनच उत्तर काढून घ्यायचे.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

प्रथम सत्राचे पेपर तपासून झाले. अपठित बरं. रिकामं सोडणारे जवळजवळ नाहीत आता. आकृतिबंध नेहमीसारखे. स्वमतात फरक स्पष्ट दिसतो, ‘कारण उताऱ्यात असे म्हटले आहे की’ हे वाक्य ढिगानं आलं, इतकं की आता तेच गाईडचं वाक्य होऊन बसतं की काय असं वाटलं. काहींनी कारण म्हणून जे दिलं ते कारण नाहीच, पण जागा ओळखली.

रसग्रहणात खरी अडचण. चाळणी लावून लावून पोरांनी लिहिणंच कमी केलं. एकानं तीन ओळी लिहिल्या, तिन्ही अस्सल, पण बोर्डात तीन ओळींना चारपैकी कोण देणार? तपासनिसाला मथळे दिसले पाहिजेत, लांबी दिसली पाहिजे. तेव्हा आता मथळे परत आणले, पण क्रम उलटा. आधी स्वतःची निरीक्षणं मोकळी लिहायची, मग कोणतं कुठल्या मथळ्याखाली जातं ते वाटायचं, मग जोडवाक्यं घालायची. जोडवाक्य गाईडचं चालेल. तडजोड आहे, असू द्या.

वऱ्हाडीत उत्तर लिहिलं तर गुण कापायचे का, यावर स्टाफरूममधे तास गेला. माझं मत असं की आकलनाच्या प्रश्नात अर्थ तपासा, भाषेचे गुण निबंधात कापा. ‘त्याच्यापाशी पैसे नोहोते’ असं लिहिणाऱ्याला उतारा समजला आहे. सिनियर सरांना हे मान्य नाही, ते म्हणतात सवय बिघडते. त्यांच्या म्हणण्यातही दम आहे, बोर्डाचा पेपर आपल्याच जिल्ह्यात तपासला जाईल असं नाही.

17 नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर पट अर्धा. वेचणी सुरू आहे, मोठ्या पोरी आईबरोबर वावरात, त्यांच्या मजुरीवर घरात मीठमिरची येते, तेव्हा शाळेत या म्हणणं तोंडावर येत नाही. उतारे आवाजात रेकॉर्ड करून दहावीच्या ग्रुपवर टाकतो आहे, प्रश्न शेवटी, उत्तरही बोलून पाठवायचं. वेचता वेचता ऐकतात. उत्तरं येतात ती मागं वाऱ्याच्या अन् कोणाच्या तरी हाकेच्या आवाजासकट. एकीनं परवा पाठवलं, सर तुमच्या उताऱ्यातला बाप संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल दाराच्या आत काढतो असं हाये, आमच्यात बाहेरच काढतात, त्याचा काही अर्थ हाये का का तुमी असंच लिवलं?

असंच लिहिलं होतं. पण ग्रुपवर मी काही सांगायच्या आत तिघांनी अर्थ लावून टाकला, की पावसाचे दिवस असतील, की नवी चप्पल असेल अन् चोरीची भीती, की त्याला परत बाहेर जायचंच नाही. तिसऱ्याला कशावरून विचारलं आहे, उत्तर यायचं आहे.

डिसेंबरसाठी: अपठितचे नवे उतारे, निदान चार शेतीबाहेरचे (बँक, कोर्ट, समुद्र असं काहीतरी, दवाखान्यातली रांग सोडून). सारांशलेखन घेतलंच नाही अजून, ते पत्राला पर्याय म्हणून 6 गुणांना असते अन् ज्यांना उतारा समजतो त्यांनी तेच घ्यावं. झेरॉक्सवाल्याची उधारी. माजी विद्यार्थिनीला तिच्या कवितेवरचे अभिप्राय द्यायचे राहिले, नीट निवडून द्यावे लागतील, एक-दोन फारच रोखठोक आहेत.